कर्ण्यात पातळ झालेला आवाज माईकने परत दिला, अब्दुल करीम खाँसाहेबांची ही गोष्ट घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवी

सिंधुदुर्गातल्या नांदगावसारख्या गावात आज कुणाला भजन रेकॉर्ड करायचं असेल तर काय लागतं? एक मोबाईल, एक बऱ्यापैकी माईक आणि चिऱ्याच्या घरातली एखादी शांत खोली. पण डबलबारीत ज्याचा आवाज अख्खी वाडी ऐकते, त्याचाच आवाज हेडफोनमध्ये ऐकला की पत्र्यासारखा वाटतो. पातळ, कोरडा, जीव नसलेला. मग शोधाशोध सुरू होते. कुणी म्हणतं माईक बदल, कुणी म्हणतं बेस वाढव, कुणी म्हणतं थोडा एको टाक.

ही तक्रार मोबाईलएवढी नवी नाही. रेकॉर्डिंग भारतात आलं तेव्हापासून ती आहे. आणि या तक्रारीचं सगळ्यात चांगलं उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडतं ते गायक मिरजेत राहायचे. त्यांचं नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

गंमत म्हणजे खाँसाहेबांचा आवाज भरदार नव्हता. बारीक होता, उंच होता, तलम होता. तरीही त्यांच्या जुन्या तबकड्या ऐकताना आवाजाने खोली भरल्यासारखी वाटते. हे कसं जमलं, ते बघण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

कैरानाहून बडोद्याला

११ नोव्हेंबर १८७२ ला अब्दुल करीम यांचा जन्म कैराना गावात झाला. हे गाव आजच्या उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात येतं. घरात गाणं आणि सारंगी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचं शिक्षण झालं. गाण्याबरोबर सारंगी आणि बीनही हातात आली.

सारंगीचा मुद्दा लक्षात ठेवा. सारंगीला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं तर सूर सरकतो. ज्याचा कान सारंगीवर तयार झाला त्याला जवळपासचा सूर चालत नाही, नेमका सूर लागतो. खाँसाहेबांच्या गळ्यात तार सप्तकातही जो लांब, न तुटणारा सूर ऐकू येतो, तो गजाने ओढलेल्या सारंगीच्या सुराशी नातं सांगतो.

तरुणपणी ते भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात पोहोचले. तिथे नाव झालं, मान मिळाला. आणि तिथेच त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. सरदार घराण्यातल्या ताराबाई माने आणि खाँसाहेब एकमेकांच्या प्रेमात पडले. एक मुसलमान गवई आणि एक मराठा सरदाराची मुलगी. त्या काळात हे पचणं शक्यच नव्हतं. दोघांनी बडोदा सोडलं आणि मुंबई गाठली. दरबाराची सावली गेली, पुढचा संसार गळ्याच्या जोरावर करायचा होता.

पुढे या कुटुंबाचं नातं मिरजेशी जुळलं. त्यांची मुलगी, म्हणजे पुढच्या हिराबाई बडोदेकर, यांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला.

कर्ण्यात तोंड घालून गायचे दिवस

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला आणि भारतात व्यावसायिक रेकॉर्डिंग सुरू झालं. गोहरजानच्या तबकड्या त्याच दौऱ्यातल्या. त्यानंतर कंपनीची माणसं देशभर फिरून गवई शोधू लागली. १९०५ च्या सुमारास अब्दुल करीम खाँ त्यांच्या कर्ण्यापुढे बसले. तेव्हा ते तिशीत होते.

आता कर्ण्यापुढे म्हणजे नेमकं काय? तेव्हा माईक नव्हता, वीज नव्हती. एक मोठा कर्णा असायचा. त्याच्या निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा आणि त्या पडद्याला सुई. गायकाने कर्ण्यात गायचं, हवेच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि सुई फिरत्या मेणाच्या चकतीवर रेघ कोरायची. संपूर्ण ताकद गायकाच्या फुप्फुसांची.

म्हणजे हळू गायलं तर सुई हलतच नाही आणि अचानक जोरात गायलं तर सुई उडते. म्हणून कर्ण्याजवळ तोंड नेऊन दणकून गायचं आणि वरचा सूर आला की डोकं मागे घ्यायचं. तंबोऱ्यासारखं हळू बोलणारं वाद्य या यंत्राला नीट ऐकूच यायचं नाही. आणि हे सगळं सुमारे तीन मिनिटांत संपवायचं, कारण तबकडीच्या एका बाजूवर तेवढीच जागा.

यात अजून एक मोठी अडचण होती. कर्ण्याला सगळा आवाज पकडता यायचा नाही. साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा मेणावर उतरायचा. पुरुषाच्या आवाजाचा पाया १०० ते २०० हर्ट्झच्या आसपास असतो. छातीतून येणारी ऊब तिथे आणि त्याच्या थोडी वर राहते. कर्णा नेमका तोच भाग गाळून टाकायचा. वरची चमकही गाळायचा. उरायचा तो मधला, नाकात बोलल्यासारखा आवाज.

त्यामुळे खाँसाहेबांच्या त्या पहिल्या तबकड्यांत तयारी ऐकू येते, वेगवान ताना ऐकू येतात, पण पुढे ज्यासाठी लोक त्यांच्यावर जीव टाकू लागले ती ऊब फारशी ऐकू येत नाही. यात त्यांच्या गळ्याचा दोष नव्हता. यंत्राला तेवढंच कळत होतं.

मिरज आणि तंबोऱ्याचं वेड

पुढची जवळपास तीस वर्षं खाँसाहेबांनी जे काम केलं, त्याचं केंद्र सूर होतं. आणि त्या कामाला मिरजेसारखं दुसरं गाव नव्हतं.

मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत. इथली वाद्यं आजही देशभर जातात आणि २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. खाँसाहेब नुसते ही वाद्यं वापरणारे नव्हते. तंबोऱ्याची दुरुस्ती ते स्वतः करायचे, जवारी स्वतः काढायचे.

जवारी म्हणजे काय, हे समजून घेऊ. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक रुंद घोडी असते. तिचा माथा सपाट नसतो, किंचित गोलसर घासलेला असतो. तार छेडली की ती या माथ्याला हलकेच स्पर्श करत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक दोरा सरकवतात आणि तो एका विशिष्ट जागी आला की तंबोरा एकदम बोलायला लागतो. एका तारेतून एक सूर न येता सुरांचं मोहोळ उठतं. खालचा षड्ज असतो, त्याच्या वरचा षड्ज असतो, पंचम असतो आणि नीट कान दिला तर गंधारही ऐकू येतो.

सर सी. व्ही. रामन यांनाही या घोडीने कोड्यात पाडलं होतं. १९२१ च्या सुमारास त्यांनी तंबोरा आणि वीणेवर अभ्यास केला. तार ज्या जागी छेडल्यावर काही उपसूर निघायलाच नकोत असं शास्त्र सांगत होतं, तिथेही या गोलसर घोडीमुळे ते निघतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता याचा गायकाच्या आवाजाशी काय संबंध? माणसाचा आवाजही एकच सूर नसतो. त्यातही मूळ सुरावर उपसुरांची उतरंड असते. गायकाचा सूर तंबोऱ्याच्या सुरात तंतोतंत मिसळला की दोघांचे उपसूर एकमेकांवर बसतात. मग आवाज न वाढवताही मोठा वाटतो, गोल वाटतो. सूर जरासा सरकला की ही जोडणी सुटते आणि आवाज एकटा पडतो. गायकाच्या भाषेत, सूर लागला की आवाज भरतो.

अब्दुल करीम खाँ आणि अब्दुल वहीद खाँ यांच्यामुळे जे किराणा घराणं ओळखलं जाऊ लागलं, त्याचा पाया हाच. आवाजाची ताकद दाखवण्यापेक्षा एकेका सुरावर थांबायचं, राग सावकाश उलगडायचा.

सुराची ही भूक त्यांना प्रयोगांकडेही घेऊन गेली. कृष्णाजी बल्लाळ देवल हे त्या काळी २२ श्रुतींचा अभ्यास करत होते. ई. क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारीही त्याच शोधात होते. श्रुती मोजायच्या तर त्या अचूक गाऊन दाखवणारा गळा हवा. तो गळा अब्दुल करीम खाँसाहेबांचा होता.

दक्षिणेतही त्यांचं जाणं-येणं होतं. म्हैसूरच्या दरबारात ते अनेकदा गायले. कर्नाटक संगीत त्यांनी मनापासून ऐकलं, त्यांच्या सरगमवर त्याची छाप पडली. त्यागराजांची एक रचनाही त्यांनी पुढे रेकॉर्ड केली. उत्तरेच्या उस्तादाने असं करणं तेव्हा दुर्मीळ होतं.

शाळा उभी राहिली, घर मोडलं

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. मुलं तिथे राहून शिकायची. घराण्याची विद्या घरातच ठेवायची ही रीत असलेल्या काळात त्यांनी बाहेरच्या मुलांना हात राखून न ठेवता शिकवलं. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचे सगळ्यात गाजलेले शिष्य. सवाई गंधर्वांचा गळा जन्मतः गोड नव्हता. सुरांवर वर्षानुवर्षं मेहनत घेऊन तो घडवावा लागला. म्हणजे ऊब ही देणगीच असते असं नाही, ती कमावताही येते, याचा पुरावा खाँसाहेबांच्या शिष्यातच आहे.

पण १९२२ साली खाँसाहेबांच्या घरावर घाव बसला. ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नाव लावणंही थांबवलं. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीनाच्या सरस्वती राणे झाल्या. कमलाबाई बडोदेकर आणि कृष्णराव माने ही त्यांचीच भावंडं. पाचही मुलं गाण्यात राहिली. त्यातल्या हिराबाईंनी तर तिकीट लावून बायकांनी मैफल करायची वाट मोकळी केली. महाराष्ट्र ज्यांना मराठी कलावंत म्हणून ओळखतो, त्यांच्या गळ्यात वडिलांचाच सूर होता. फक्त नावात वडील उरले नव्हते.

खाँसाहेब मिरजेत राहिले. वय पन्नाशीचं, घर रिकामं. त्यांच्या नंतरच्या गाण्यात जी आर्तता ऐकू येते ती याच दुःखातून आली का, हे ठरवणं अवघड आहे. पण त्यांचं गाणं या काळात अधिक सावकाश, अधिक हळवं होत गेलं, एवढं नक्की.

आणि मग माईक आला

१९२५ मध्ये अमेरिकेत रेकॉर्डिंगची विजेवर चालणारी पद्धत बाजारात आली. कर्णा गेला, माईक आला. आवाजाच्या कंपनांचं विजेत रूपांतर व्हायचं, ती वीज वाढवली जायची आणि मग सुई चालायची. सुई हलवण्याचं काम गायकाच्या फुप्फुसांकडून मशीनकडे गेलं. पट्टाही रुंदावला. आता साधारण १०० ते ५००० हर्ट्झ एवढा आवाज तबकडीवर येऊ लागला. छातीतली ऊबही आली आणि श्वासाचा काठही आला.

या बदलाने जगभरातलं गाणं बदललं. अमेरिकेत बिंग क्रॉसबीसारखे गायक माईकजवळ हळू आवाजात गाऊन लोकप्रिय झाले, कारण आता शेवटच्या रांगेपर्यंत ओरडायची गरज उरली नव्हती.

हीच गोष्ट वेगळ्या अर्थाने खाँसाहेबांच्या बाबतीत घडली. १९३० च्या दशकाच्या मध्यात ओडियन या कंपनीने त्यांची रेकॉर्डिंग केली. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. ऐन तारुण्यातला आवाज कर्ण्याने पातळ केला होता आणि साठीतला, मुळातच बारीक झालेला आवाज माईकने जपला.

झिंझोटी आणि भैरवीतल्या त्यांच्या ठुमऱ्या, अनेक राग, 'मानापमान' नाटकातलं पद, हे सगळं याच खेपेतलं. तबकड्यांवर खरखर आहे. वेळ तीन मिनिटांचाच आहे. पण आवाज जोर लावत नाही. सूर हळूच येतो, थांबतो, फुलतो आणि तसाच विरतो. तीस वर्षं तंबोऱ्यापाशी घासलेला सूर ऐकू शकेल असं यंत्र अखेर मिळालं होतं.

एका छोट्या स्टेशनवर शेवट

ही संधी अगदी शेवटच्या क्षणी मिळाली होती. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून रेल्वेने पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमाकडे निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच अंथरूण घातलं गेलं. शेवटची प्रार्थना त्यांनी सुरात केली आणि तिथेच प्राण सोडला, असं त्यांची शिष्यमंडळी सांगत आली आहेत. तारीख होती २७ ऑक्टोबर १९३७.

त्यांचं पार्थिव मिरजेला आणण्यात आलं आणि ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आलं. तिथे उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. देशभरातले कलावंत तिथे हजेरी लावतात.

ओडियनची ती खेप झाली नसती तर? त्यांचा प्रौढ आवाज फक्त ऐकलेल्यांच्या आठवणीत राहिला असता आणि त्यांच्यासोबत संपला असता. शाळकरी वयातल्या भीमसेन जोशींनी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवरच ऐकली आणि आपल्यालाही असंच गायचंय हे त्यांनी ठरवलं. पुढे ते सवाई गंधर्वांकडे शिकले. १९५३ पासून पुण्यात सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सवही याच परंपरेतला.

घरी रेकॉर्ड करताना यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, ओरडू नका. ओरडून गाणं ही कर्ण्याची गरज होती. तुमच्या माईकला ती नाही. घसा आवळून गायलेला आवाज रेकॉर्डिंगमध्ये आणखी पातळ होतो. समोर बसलेल्या एका माणसाला ऐकवतोय एवढ्याच आवाजात गाऊन बघा.

दुसरी गोष्ट, अंतर. गाण्यासाठी वापरले जाणारे बहुतेक माईक तोंडाजवळ आले की खालचे सूर जास्त उचलतात. त्यामुळे साधारण एक वीत अंतर ठेवलं की आवाजात ऊब येते. अगदी चिकटून गायलं की आवाज घुमतो आणि हवेचे फटके बसतात. दोन हात लांब गेलं की ऊब जाते आणि खोलीच जास्त ऐकू येते. वरच्या सुराला डोकं थोडं मागे घ्यायची जुनी युक्ती मात्र आजही कामाची आहे.

तिसरी गोष्ट, खोली. उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात आणि तो डब्यासारखा वाटतो. पाठीमागे आणि बाजूला गोधड्या टांगा, कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडं ठेवा. महागड्या माईकपेक्षा याने जास्त फरक पडतो.

चौथी गोष्ट, तंबोरा. मोबाईलवर तंबोऱ्याची अ‍ॅप आहेत. एका कानात हेडफोन लावून तंबोरा लावा आणि दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवा. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी दहा मिनिटं फक्त षड्ज लावा. सूर तंबोऱ्यात मिसळला की तो क्षण तुमच्या तुम्हाला कळतो.

पाचवी गोष्ट, एडिटिंग हात राखून करा. २०० हर्ट्झच्या आसपास थोडंसं वाढवलं तर आवाजाला अंग येतं. जास्त वाढवलं तर चिखल होतो. मागची खरखर काढणारं बटणही जपून वापरा. पूर्ण फिरवलं की खरखरीसोबत श्वास आणि ऊबही निघून जाते. जुन्या तबकड्या अति साफ केल्या की नेमकं हेच होतं.

यातलं काही करण्याआधी एक सोपा प्रयोग करा. खाँसाहेबांची १९०५ च्या सुमाराची एखादी तबकडी आणि ओडियनची एखादी ठुमरी इंटरनेटवर शोधा. हेडफोन लावून एकामागोमाग एक ऐका. यंत्र बदलल्यावर काय बदललं, ते पहिल्या मिनिटात लक्षात येईल. मग ओडियनची तबकडी एकदा पुन्हा ऐका आणि तीस वर्षांत माणसाने स्वतःच्या सुरावर काय काम केलं, त्याकडे कान द्या.